केसपेपर काढा, बॅग भरू नका

जळगावहून धुळ्याला एसटीने जाताना एकदा मोबाईल खिशात ठेवा आणि खिडकीबाहेरच्या भिंती वाचा. ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत’ आणि खाली एक नंबर. एरंडोल-पारोळा मागे पडेपर्यंत असं काहीतरी दिसतंच. धुळ्याच्या माझ्या मामीने अशाच एका नंबरवरून पुड्या मागवल्या होत्या. भाजीत कालवायच्या, पोराला कळू द्यायचं नाही. पुडीत काय आहे हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मामीनेही विचारलं नाही.

मलाही तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून आधी हेच सांगते. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली येतं. क्वचित जीवही जातो. म्हणून डॉक्टर ते पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. न सांगता खाऊ घातलं तर तो उपचार नाही, सरळ धोका आहे. आणि पुडीत ते नसेल तर मग काय आहे, देव जाणे.

पुड्यांनी काही झालं नाही. मग नातेवाइकांनी पुढचा उपाय काढला. एका रात्री दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सेंटरची गाडी आली, चौघांनी दादाला उचलून नेलं. तीन महिने फोन नाही, भेट नाही. दादा तेव्हा 24 वर्षांचा, बी.कॉम. होऊन एका शोरूमला लागलेला. परत आला तेव्हा वजन वाढलं होतं, नोकरी गेली होती आणि नवव्या दिवशी तो पिऊन घरी आला. सेंटरचं उत्तर तयार होतं : पुन्हा पाठवा.

त्या नवव्या दिवसाचं काय करायचं, याचा विचार कुणी केलाच नव्हता. आपल्याकडे दारूवर उपाय दोनच, एकतर पुडी नाहीतर गाडी. या दोन्हींच्या मध्ये ओपीडी नावाची साधी गोष्ट आहे, हे मामाला माहीत नव्हतं आणि मास कम्युनिकेशन शिकणाऱ्या त्याच्या भाचीलाही माहीत नव्हतं. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला चक्करबर्डीचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. तापासाठी जसा केसपेपर काढतो तसाच तिथेही काढायचा, इतकं ते सोपं आहे.

आम्ही एका सरकारी ओपीडीत गेलो. जाण्याआधी दादाने एकच प्रश्न विचारला, ‘रात्री घरी यायला मिळेल ना?’ मिळेल म्हटल्यावर तो निघाला. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी उपदेश केला नाही, याचंच मला नवल वाटलं. रोज किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली, सकाळी हात थरथरतात का, कधी फिट आली होती का, झोप कशी, असे प्रश्न. मग रक्ततपासणी. हे सगळं कशासाठी, तर या माणसाची दारू घरी राहून सोडवणं सुरक्षित आहे का, हे ठरवण्यासाठी.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास आणि बरळणं सुरू होऊ शकतं. उपचार नसतील तर हे जिवावर बेततं. घरातल्या मोठ्यांचं ‘आजपासून बंद म्हणजे बंद!’ ऐकायला बाणेदार वाटतं, पण तो वैद्यकीय सल्ला नव्हे. ज्याला फिट आलेली आहे, भास झालेत, लिव्हर बिघडलंय किंवा जो जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करतो, त्याला ॲडमिटच करावं लागतं. तिथे ओपीडीचा हट्ट धरू नका.

दादाच्या बाबतीत तसं नव्हतं. त्याला काही दिवस कमी-कमी करत जायच्या गोळ्या मिळाल्या, थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व मिळालं आणि गोळ्यांची पाकिटं मामीकडे सोपवली गेली. मामी आता नकळत काही देत नव्हती, दोघांनाही माहीत असलेलं औषध देत होती. तीन दिवसांनी पुन्हा भेट, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी. तल्लफ कमी करणारी औषधंही असतात. आणि समुपदेशक असतो, त्याच्याशी दादा शोरूमच्या पार्टीपासून मामाच्या टोमण्यांपर्यंत सगळं बोलला.

ॲडमिट होणं वाईट, असं मी म्हणत नाहीये. 1986 साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेलं मुक्तांगण तुम्ही ऐकून असाल. तिथेही 35 दिवस राहून झालं की विषय संपला असं मानत नाहीत, पुढे फॉलोअप असतो. राग आहे तो गाडी पाठवणाऱ्यांवर. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू-ड्रग्जशी जोडलेले मानसिक त्रासही येतात. त्या कायद्याने पेशंटला साखळीने बांधायला बंदी आहे, आणि संमतीशिवाय दाखल करायचं तर ठरलेली प्रक्रिया आहे. रात्री चौघांनी उचलणं त्या प्रक्रियेत बसत नाही.

केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या, 2019 च्या देशव्यापी पाहणीत एक आकडा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. भरती होऊन उपचार मिळणारा तर 180 मागे एक. तुमच्या वर्गाएवढी माणसं डोळ्यांसमोर आणा आणि त्यातल्या एकालाच डॉक्टर भेटलाय असं समजा. बाकीच्यांसाठी खाटा कुठून आणणार? ओपीडीच वाढवावी लागेल.

आणि सगळ्यांना मानसोपचारतज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. घातक प्रमाणात पिणारे पण पूर्ण अवलंबून न झालेले 377 पुरुष घेतले. त्यातल्या निम्म्यांशी डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायचं, एवढंच. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा, मागच्या 14 दिवसांत थेंबही न घेतलेले या गटात 42 टक्के होते, दुसऱ्या गटात 18 टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये 2017 साली हे छापून आलं. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ची क्लिनिकं तालुक्याच्या ठिकाणी चालतात. मग चोपड्याला, शिरपूरला का नकोत?

‘भो, आपण काय बेवडे नाही’ हे वाक्य मी हॉस्टेलच्या पोरांकडून बऱ्याचदा ऐकलंय. वीकेंडचे गुरुवारी कधी सुरू झाले, हे मात्र त्यांना आठवत नाही. चार बैठकांत फरक पडतो तो याच टप्प्यावर. आणि धुळे-मालेगाव पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ म्हणून चालते ती बहुतेकदा अल्प्राझोलाम असते. तीही रोजची असेल तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. ओपीडीत जा.

‘पोलिसांत देतील’ ही भीतीही ऐकते. डॉक्टरने तुमची माहिती गुप्त ठेवायची, हे कायदाच सांगतो. एनडीपीएस कायद्याचं कलम 64 अ असं सांगतं की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्यासाठी खटल्यापासून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, हेही खरं.

आता कॉलेजचं. दरवर्षी 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, आपण रॅली काढतो, शपथ घेतो, कवटी आणि सिरिंजचं पोस्टर रंगवतो. मीही रंगवलंय, बक्षीस पण मिळालं होतं! त्या पोस्टरवर ओपीडी कुठे आहे, कोणत्या वारी, किती वाजता, यातलं काहीही नव्हतं. कवटी बघून कुणाची दारू सुटल्याचं मला तरी माहीत नाही. एनएसएसवाल्यांनो, यंदा निदान दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा : व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि टेलि-मानस 14416. दोन्ही मोफत आहेत.

प्रशासनाकडे मागणी एकच : आठवड्यातून एक तरी ओपीडी संध्याकाळी ठेवा. सकाळच्या रांगेत उभं राहायचं तर पोराचं लेक्चर बुडतं आणि कामावरच्याची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. दादाने नव्या नोकरीत पहिल्या महिन्यात तीन वेळा ‘पोट दुखतंय’ सांगून सुट्टी काढली. चौथ्यांदा साहेबाने पोटाच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

दादाला आता सात महिने झालेत. मध्ये दोनदा घसरला, दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात, मित्राच्या हळदीला. या वेळी मामीने कुणालाच फोन लावला नाही. सोमवारी सकाळी दादाचाच मला फोन आला. विचारत होता, जुना केसपेपर चालेल की नवा काढावा लागेल?