कुत्र्याला लस दिली आहे, मग तुम्हाला?

रायगड जिल्ह्यात पनवेलजवळच्या करंजाडेसारख्या सिडकोच्या वसाहतीत लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये पाळीव कुत्र्यांशी रोजची गाठ. अंगावर झेपावताना नख लागतं, पोटरीवर पांढरट रेघ उमटते, रक्ताचा थेंबही नसतो. ‘काही होत नाही, त्याला इंजेक्शन दिलंय,’ असं मालक सांगतो आणि विषय मिटतो. तो असा मिटू नये. कुत्र्याला लस दिलेली असेल तर रेबीजचा धोका बराच कमी होतो, यात वाद नाही. पण तेवढ्यावर आपली लस टाळणं चुकीचं आहे.

‘दिलंय’ म्हणजे कधी? पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, नंतर वर्षाच्या वर्षाला. लसीकरणाच्या पुस्तिकेत बाटलीवरचं स्टिकर आणि पुढची तारीख असते. ती तारीख उलटून गेल्याचं अनेकदा मालकाच्याही लक्षात नसतं. तारीख पाळली असली तरी लस योग्य थंडाव्यात राहिली होती का, कुत्र्याच्या अंगी ती लागू पडली का, हे पुस्तिका सांगत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याचा कातरलेला कान तर केवळ त्याची कधीतरी नसबंदी झाल्याची खूण. म्हणूनच कुत्र्याच्या लसीकरणाकडे बोट दाखवून माणसाचे उपचार रोखू नयेत, असं आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. या सूचनांनुसार रक्त न आलेला ओरखडा जखमांच्या दुसऱ्या श्रेणीत मोडतो, म्हणजे लस हवीच. रक्त आलं तर तिसरी श्रेणी. मग लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडं. 2025 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरचा एक तरुण कबड्डीपटू नाल्यातून काढलेल्या पिल्लाच्या किरकोळ चाव्याकडे दुर्लक्ष करून रेबीजने गेला. ते पिल्लू भटकं होतं, पाळीव नव्हे. पण ‘एवढ्याशा जखमेने काय होतंय’ हा हिशेब तिथेही तोच.

यावर बिनतोड वाटणारा आक्षेप असा: परदेशात कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात आणि ते ठणठणीत राहिलं तर माणसाला टोचतच नाहीत, आपणच का टोचून घ्यायचं? उत्तर त्या-त्या देशातल्या कुत्र्यांत आहे. जिथे कुत्र्यांमधला रेबीज जवळपास संपला आहे तिथे वाट पाहणं परवडतं. आपल्याकडे तो रस्त्यावर आहे. गोव्याने 2014 पासून कुत्र्यांचं सामूहिक लसीकरण नेटाने केलं, तेव्हा कुठे 2021 मध्ये तो ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ ठरला. रायगडात तसं होईपर्यंत दहा दिवसांचं निरीक्षण आणि लस एकाच दिवशी सुरू झालेली बरी. दहाव्या दिवशी कुत्रं धडधाकट असेल तर उरलेल्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. घेतलेले डोसही फुकट जात नाहीत: नीट लसीकरण झालेल्या माणसाला पुढे कधी कुत्रं चावलं तर दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचा जमानाही केव्हाच सरला. आता दंडात टोचतात आणि सरकारी रुग्णालयात पैसेही पडत नाहीत. याउलट, लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही.

तेव्हा ओरखडा लागताच हळद, चुना, तिखट काही न लावता नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचा डॉक्टर गाठा. कुत्र्याच्या मालकांनीही हा अपमान समजू नये. पुस्तिका दाखवावी, आणि दहा दिवस कुत्र्याला गावी धाडू नये.