सूर्याची वीज आणि विखरणची जमीन

दोंडाईच्याची मिरची दूरवर प्रसिद्ध आहे. हंगामात ती मोकळ्या जागेवर पसरून उन्हात वाळवतात. दुरून पाहिले, तर जमिनीवर लाल गालिचा अंथरला आहे असे वाटते. खानदेशात उन्हाला तोटा नाही. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला, की आपण या उन्हाला नावे ठेवतो. पण आता याच उन्हाला मोल आले आहे, कारण त्यापासून वीज तयार करता येते. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ साली मोठे सौर वीज केंद्र सुरू झाले.

सौर वीज चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दगडी कोळसा जाळून वीज केली, की धूर होतो, राखेचे ढीग साचतात. भुसावळजवळच्या दीपनगर परिसरातील लोकांना हे सांगावे लागत नाही. शिवाय कोळशाच्या धुराने साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढते. पाऊस लहरी होतो, अवेळी गारपीट होते आणि त्याचा पहिला फटका कोरडवाहू शेतकऱ्याला बसतो.

पण सूर्यप्रकाश फुकट मिळाला, तरी जमीन फुकट मिळत नाही. १ मेगावॅट सौर विजेसाठी सुमारे ४ ते ५ एकर जागा लागते. ही जागा कोणाची? ती कशी घेतली? तिच्यासाठी काय दिले? हे प्रश्न दोंडाईच्याजवळच्या विखरण गावाने साऱ्या महाराष्ट्रापुढे ठेवले.

२००९ च्या सुमारास विखरण आणि मेथी या गावांच्या परिसरात औष्णिक वीज प्रकल्पासाठी जमीन घेण्याचे काम सुरू झाले. पुढे तेथे कोळशाऐवजी सौर प्रकल्प करायचे ठरले. या जमिनीत धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्याचे ५ एकर शेत गेले. त्यांना सुमारे ४ लाख रुपये मिळाले. शेतात आंब्याची झाडे आहेत, विहीर आहे, त्यांची किंमत धरली नाही. इतरांना मात्र कितीतरी पट अधिक पैसे मिळाले, असे त्यांचे म्हणणे होते. ऐंशी वर्षांचे वय झालेला हा माणूस अर्ज घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरला. अखेर २२ जानेवारी २०१८ रोजी मुंबईला मंत्रालयात त्यांनी निराशेच्या भरात टोकाचे पाऊल उचलले. २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. असे पाऊल कोणीही उचलू नये. पण त्यानंतर सरकारने फेरतपासणी केली आणि रक्कम सुमारे ५४ लाखांवर गेली. शेत तेच होते, झाडेही तीच होती. मग आधीचा हिशोब कसा झाला होता?

सरकारी कागदात अशा रकमेला ‘मोबदला’ म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूतील ‘मुबादला’ म्हणजे अदलाबदल. जे घेतले, त्याच्या तोडीचे परत देणे. तहसील, अर्ज, हक्क, जमीन हे शब्दही आपल्या दोन्ही भाषांत आहेत. पण विखरणला शब्द राहिला आणि त्याचा अर्थ हरवला.

जगाच्या व्यासपीठावर आपला देश हीच गोष्ट मोठ्या आवाजात मांडतो. १९९२ साली ब्राझीलमधील रिओ येथे पर्यावरण परिषद झाली. पृथ्वी सर्वांची आहे, पण ज्या श्रीमंत देशांनी अधिक धूर केला, त्यांनी अधिक भार उचलावा, हे तत्त्व तेथे मान्य झाले. भारताचा आग्रह रास्तच होता. मात्र जो न्याय आपण श्रीमंत देशांकडे मागतो, तोच शहराने खेड्याला द्यायला नको का? पंखा मुंबईत फिरायचा आणि शेत विखरणचे जायचे, तर त्या शेताची किंमत ठरवताना काटकसर कशाला?

काही वाटा खुल्या आहेत. शेतकऱ्याकडून जमीन कायमची न घेता भाड्याने घेता येते. महाराष्ट्रात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजनेत असे करतात. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि त्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले. मालकी शेतकऱ्याचीच राहते. मला ही रीत अधिक बरी वाटते. तरी एक गोष्ट राहून जाते. त्याच शेतात निंदणी करणाऱ्या, मिरची तोडणाऱ्या मजूर बाईला भाड्यातला एक रुपयाही मिळत नाही. तिचा रोजगार तेवढा जातो. जमीन घेण्याचा मूळ कायदा पूर्वी १८९४ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला होता. त्याच्या जागी २०१३ चा नवा कायदा आला. त्या जमिनीवर निदान तीन वर्षे पोट भरणारे भूमिहीन मजूरही त्यात बाधित कुटुंब मानले आहेत. भाड्याच्या व्यवहारातही त्यांचा विचार झाला पाहिजे.

या नव्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. जमीन घेण्याची प्राथमिक सूचना निघाल्यापासून ६० दिवसांत मालकाला लेखी हरकत घेता येते. ही सूचना आपल्याकडे मराठीत निघते. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा कागद आला, तर दादाजान कदाचित तो तुमच्याच हातात देतील. तेव्हा तो सावकाश वाचा. गट नंबर बरोबर आहे का, विहीर लिहिली आहे का, झाडे किती मांडली आहेत, ते पाहा. नंतर त्यांना सोबत घेऊन शेतात जा आणि एकेक झाड मोजा.