धार्मिक सणांना शाळा बंद असाव्यात काय?

1 नोव्हेंबर 2024 रोजी न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळा दिवाळीनिमित्त बंद राहिल्या. त्या शहरात असे प्रथमच घडले. त्यासाठीच्या कायद्यावर त्या राज्याच्या गव्हर्नरांनी आदल्या वर्षी, म्हणजे नोव्हेंबर 2023 मध्ये स्वाक्षरी केली होती. परंतु त्या वर्षी दिवाळी रविवारी आल्यामुळे प्रत्यक्ष सुट्टीसाठी मुलांना एक वर्ष थांबावे लागले. त्यापूर्वी, 2015-16 या शालेय वर्षापासून, तेथे दोन्ही ईद आणि चांद्र नववर्ष यांनाही सुट्टी मिळू लागली होती. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या निर्णयाचा आनंद झाला असल्यास त्यात नवल नाही. घरी आकाशकंदील लावायचा आणि मुलाने मात्र दप्तर घेऊन शाळेत जायचे, ही ओढाताण परमुलखात राहणाऱ्यालाच कळते.

ही ओढाताण आपल्या धर्मग्रामांतील पालकांनाही अपरिचित नाही. शुभ शुक्रवारची सुट्टी वेळापत्रकात आहे ना, पवित्र गुरुवारी परीक्षेचा पेपर तर नाही ना, हे आपण दरवर्षी पाहतोच. म्हणून सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांनी धार्मिक सणांना बंद राहावे काय, या प्रश्नाचा येथे थोडा खोलात जाऊन विचार करावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार शासनाला कोणताही धर्म प्रस्थापित करता येत नाही. त्यामुळे ‘हा पवित्र दिवस आहे, म्हणून शाळा बंद’ असे कारण तेथील सरकारी शाळेला देता येत नाही. त्या दिवशी इतकी मुले व शिक्षक गैरहजर राहतील की वर्ग भरवण्यात अर्थ नाही, असे व्यावहारिक कारण द्यावे लागते. या तर्काने तेथील न्यायालयांपुढे काही चमत्कारिक प्रसंग आणले. शुभ शुक्रवारी राज्यभरातील सरकारी शाळा बंद ठेवणारा इलिनॉय राज्याचा कायदा शिकागो येथील संघीय अपील न्यायालयाने 1995 साली घटनाबाह्य ठरवला. नाताळचा दिवस आता बिगरख्रिस्ती लोकही सणासारखा पाळतात, शुभ शुक्रवारचे तसे नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. चारच वर्षांनी, 1999 मध्ये, त्याच न्यायालयाने शेजारच्या इंडियाना राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांची शुभ शुक्रवारची सुट्टी मात्र वैध ठरवली. कारण त्या राज्याने ती वसंत ऋतूतील विश्रांतीची सुट्टी म्हणून मांडली होती.

येथे क्षणभर थांबावे. ज्या दिवशी आपण क्रुसाची वाट चालतो, तो दिवस एका राज्यात क्रुसाच्या नावाने टिकला नाही आणि दुसऱ्यात वसंताच्या नावाने टिकला. अशी सुट्टी मिळाली म्हणून ख्रिस्ती माणसाने समाधान मानावे काय? आम्हांस तरी ते जड वाटते.

वॉशिंग्टनला लागून असलेल्या मॉन्टगोमेरी परगण्यातील हकीकत याहूनही बोलकी आहे. तेथील शाळा नाताळला बंद असत, तशाच यहुद्यांच्या मोठ्या सणांनाही. मुस्लिम पालकांनी ईदला तोच मान मागितला. शाळा मंडळाने नोव्हेंबर 2014 मध्ये निर्णय घेतला तो असा, की वेळापत्रकातून सर्वच धार्मिक सणांची नावे काढून टाकावीत. सुट्ट्या होत्या तेथेच राहिल्या आणि नाताळची सुट्टी नुसती ‘हिवाळी सुट्टी’ झाली. ज्यांनी एक दिवस मागितला त्यांना त्या वेळी काहीच मिळाले नाही, आणि इतरांच्या सणांचे नाव मात्र गेले. पुढे 2016 साली बकरी ईदचा दिवस ‘शिक्षकांच्या कामाचा दिवस’ या नावाखाली मुलांना मोकळा मिळाला. समानतेचा हा मार्ग कोणाचेच मन राखणारा नव्हता.

गैरहजेरीच्या हिशेबात मोठा दोष आहे, आणि तो अल्पसंख्याकांनी तरी ओळखला पाहिजे. ज्या वर्गात चाळीसपैकी पंधरा मुले सण पाळतात, त्यांना हा हिशेब सुट्टी मिळवून देतो. परंतु ज्या वर्गात एकच मूल तो सण पाळते, त्याला काहीही मिळत नाही. खरे पाहता संरक्षणाची गरज त्या एकट्या मुलालाच अधिक असते.

आपल्या देशाने वेगळी वाट धरली. संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, पण सण म्हणून सुट्टी देण्यास आडकाठी नाही. केंद्र सरकारच्या सक्तीच्या सुट्ट्यांच्या यादीत नाताळ व शुभ शुक्रवार आहेत, तसेच बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती, गुरुनानक जयंती, दोन्ही ईद, दसरा व दिवाळी आहेत. सुट्टीला सणाचे नाव देताना येथे कोणी संकोच करत नाही. याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे.

मात्र ही यादी दगडावर कोरलेली नाही. 2019 साली दमण-दीव आणि दादरा व नगर हवेली या तेव्हाच्या दोन केंद्रशासित प्रदेशांच्या प्रशासनाने शुभ शुक्रवार सार्वजनिक सुट्ट्यांतून काढून ऐच्छिक सुट्ट्यांत टाकला. दमण म्हणजे आपले शेजारघर. ख्रिस्ती बांधवांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि एप्रिल 2019 मध्ये न्यायालयाने ती सुट्टी पूर्ववत करण्यास सांगितले. आपल्याकडे या निकालाचे स्वागत झाले व ते योग्यच होते. पण जानेवारी 2022 मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात दिलेला निकालही ध्यानात ठेवावा. दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिदिनाची, 2 ऑगस्टची, सुट्टी परत मिळावी म्हणून केलेली याचिका न्यायालयाने फेटाळली. सार्वजनिक सुट्टी हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही आणि कदाचित आता सुट्ट्या कमी करण्याचीच वेळ आली आहे, असे त्या निकालाचे सार होते. केवळ सुट्टीच्या आधारावर आपल्या मुलांच्या श्रद्धेचे रक्षण करू पाहणे किती नाजूक आहे, हे यावरून दिसते.

शिवाय दिवसांचा हिशेबही आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस अध्यापनाचे ठरवले आहेत. महाराष्ट्राच्या माध्यमिक शाळा संहितेनुसार कामाचे किमान 230 दिवस भरावे लागतात आणि सर्व प्रकारच्या सुट्ट्या मिळून 76 हून अधिक होता कामा नयेत. प्रत्येक समाजाचा प्रत्येक सण या 76 मध्ये बसवणे अशक्य आहे. बिहारच्या शिक्षण विभागाने 2023 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर या काळातील 23 सुट्ट्या 11 वर आणल्या, तेव्हा असा गदारोळ झाला की काही दिवसांतच आदेश मागे घ्यावा लागला. गरिबांची मुले सरकारी शाळेत शिकतात आणि बुडालेला दिवस त्यांना शिकवणीने भरून काढता येत नाही. त्यामुळे दिवस वाचवण्यामागील हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणणार नाही. पण हिशेब वरून लादला, की त्याचा असा फज्जा उडतो.

महाराष्ट्राने ठेवलेली एक सोय आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने तेवढे दिवस गणेशोत्सव अथवा नाताळच्या वेळी घेण्याची मुभा शाळांना असते. कोकणातील शाळेला गौरी-गणपती हवेत आणि वसईतील शाळेला नाताळचा आठवडा. दोघांचे भागते, आणि एकूण दिवस तेवढेच राहतात.

तरीही त्या एकट्या मुलाचा प्रश्न उरतोच. सरकारी कर्मचाऱ्याला ऐच्छिक सुट्ट्यांची यादी मिळते आणि तो त्यांतून आपला सण निवडतो. पाचवीतल्या विद्यार्थ्याला अशी यादी कोठे आहे? त्याच्यासाठी असते ती आईवडिलांची चिठ्ठी आणि वर्गशिक्षकांची मर्जी. एका दिवसाच्या गैरहजेरीने त्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्या दिवशी चाचणी असली, स्पर्धा असली किंवा वर्षअखेरीस पूर्ण हजेरीचे बक्षीस हुकले, की. 25 डिसेंबर 2014 रोजी ‘सुशासन दिन’ म्हणून विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा योजल्याची बातमी आली, तेव्हा देशभर ख्रिस्ती समाज अस्वस्थ झाला तो याच कारणाने. स्पर्धा ऑनलाइन व ऐच्छिक आहे, शाळा बंदच राहतील, असे सरकारने नंतर स्पष्ट केले. तरीही नाताळच्या दिवशी घर की स्पर्धा, अशी निवड मुलापुढे यावीच का?

इंग्लंडच्या 1996 च्या शिक्षण कायद्याने हा गुंता साध्या रीतीने सोडवला आहे. पालक ज्या धार्मिक संस्थेचे आहेत तिने धर्माचरणासाठी राखून ठेवलेल्या दिवशी मूल शाळेत आले नाही, तर त्याबद्दल पालकांना दोषी धरता येत नाही. शाळा चालू राहते आणि मुलाच्या श्रद्धेचाही मान राहतो. आमच्या मते आपल्या राज्याने असाच नियम करावा. मोठ्या सणांना शाळा बंद असाव्यात आणि शुभ शुक्रवार त्यांत असलाच पाहिजे. परंतु ज्या सणांना शाळा बंद ठेवणे शक्य नाही, त्या दिवशी सण पाळणाऱ्या मुलाची रजा हक्काची असावी, परीक्षा दुसऱ्या दिवशी द्यावी आणि हजेरीच्या बक्षिसात तो दिवस धरू नये. राखेचा बुधवार आणि पवित्र गुरुवार यांना आपण सुट्टी मागावी असे आम्हांस वाटत नाही, एवढी मोकळीक मात्र अवश्य मागावी. पर्युषणातील जैन मुलाला आणि नवरोजच्या दिवशी पारशी मुलाला तीच मोकळीक मिळेल.

हे शासनाकडे मागताना आपल्या संस्थांच्या शाळांकडेही पाहावे लागेल. तेथे शिकणारी कितीतरी मुले ख्रिस्ती नाहीत. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही दबाव येऊ नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सांगितले. ते आपल्या वर्गखोलीलाही लागू आहे. ईदच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गणिताची चाचणी ठेवणारे वेळापत्रक कोणी मुद्दाम आखत नाही, पण आखताना कोणी विचारतही नाही. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर होळी एका दिवसात संपत नाही, वाघबारस तर छापील यादीत सापडतच नाही. आपल्या वसतिगृहांतील मुले त्या दिवसांत घरी जाऊ पाहतात, तेव्हा त्यांना ‘शाळा बुडवणारी’ म्हणणे अन्यायाचे आहे.

नव्या वर्षाचे वेळापत्रक ठरवताना मुख्याध्यापकांनी वर्गवार विचारून घ्यावे, की आपल्या शाळेतील मुले कोणकोणते सण पाळतात. मग त्या तारखांवर चाचण्या ठेवू नयेत. ईद चंद्रदर्शनावर ठरते, तेव्हा तिच्या संभाव्य दोन्ही तारखा आणि त्यांच्या लगतचा दिवस परीक्षेविना ठेवावा.