वजनाला माणूस

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. ट्रॅक्टरच्या मागे जोडून खड्डे मारायचं मशीन. शहरातल्या ब्लॉगर मित्रांपैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलं नसेल. आमच्या घरातल्या निम्म्या लोकांनी मात्र ते वापरलंय आणि त्यावरून माझ्याशी भांडूनही झालंय. तेव्हा हे मुख्यतः त्यांच्यासाठी. राग आला तर मला सांगा, आईला फोन करून तक्रार करू नका :-)

आधी ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. सुताराचं गिरमिट असतं ना, तेच छातीएवढं उंच आणि टोपल्याएवढं रुंद करा. हे गिरमिट ट्रॅक्टरच्या मागे एका लोखंडी दांडीला टांगलेलं असतं. ताकद येते ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.मधून. तिथून एक शाफ्ट गिअरबॉक्सपर्यंत जातो आणि गिअरबॉक्स गिरमिट फिरवतो. ड्रायव्हरनं लिफ्टचा दांडा खाली केला की गिरमिट जमिनीत शिरतं, वर केला की माती घेऊन बाहेर येतं. जमीन मऊ असेल तर दीड-दोन फुटांचा खड्डा बघता बघता तयार. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबागांची योजना आली तेव्हा हेच खड्डे पहारीनं आणि टिकावानं खोदले होते. ज्यांनी खोदले त्यांच्या तळहातांना विचारा. त्यामुळे मशीन नको असं मी म्हणत नाही. यंत्र आलं म्हणून गळा काढणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

माझं भांडण आहे ते दांडीवर माणूस बसवणाऱ्यांशी.

गेल्या उन्हाळ्यात आटपाडीच्या बाजूला एका नव्या डाळिंबाच्या बागेसाठी खड्डे मारायचं काम चाललं होतं. वर हातभर माती, खाली मुरूम. गिरमिट मुरमावर नुसतं घासत होतं. ट्रॅक्टरवाल्यानं हाक मारली, "ए, वजनाला बस रे!" आणि अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा टुणकन दांडीवर चढून बसला. पाय खाली सोडलेले, गळ्यात टॉवेल, आणि पायांपासून दीड-दोन फुटांवर उघडा शाफ्ट गरगर फिरतोय. बागेचे मालक बांधावर उभे राहून मोबाइलवर बोलत होते. कुणालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. "वजनाला" हा शब्द ऐकलात ना? तराजूत धोंडा टाकावा तसा माणूस.

हे वजन लागतं का, ते जरा बघू. सगळी गोम तिथेच आहे. ट्रॅक्टरची साधी लिफ्ट फक्त उचलते, ती खाली दाब देत नाही. गिरमिट खाली जातं ते स्वतःच्या वजनानं आणि टोकाच्या ओढीनं. टोक बोथट झालं, कडेची पाती झिजली की ते कातायचं सोडून घासायला लागतं. म्हणजे दांडीवर बसलेला साठ किलोचा पोरगा हा खरं तर न बदललेल्या पात्याला काढलेला पर्याय आहे! पाती बोल्टवर बसवलेली असतात, बदलता येतात. आदल्या दिवशी फक्की मारलेल्या जागांवर थोडं पाणी सोडलं तर माती नरम पडते. एकदम खोल न जाता वीतभर खोदायचं, वर उचलून माती टाकायची, परत खाली जायचं, असंही करता येतं. आणि खाली खरंच पाषाण लागला तर ते या मशीनचं कामच नव्हे, सरळ जेसीबी बोलवावा. हायड्रॉलिकनं खाली दाब देणारी मशीनंही मिळतात, महाग असतात. स्वस्त काय आहे ते आपण पाहिलंच.

आता "सांभाळून बसतो की तो" या वाक्याबद्दल. हे मला आजवर तीन काकांनी ऐकवलंय. पी.टी.ओ.चा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे. साठानं भागा, सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीतभर धरला तर एका सेकंदात नऊ वीत कापड गुंडाळलं जातं, म्हणजे जवळजवळ दोन मीटर. टॉवेल तेवढा लांब नसतोच. पदर, ओढणी, सदऱ्याची बाही, सगळ्याचा हिशोब एकच. आणि हल्लीचं टेरिकॉट सहजासहजी फाटतही नाही. मग ज्याला तुम्ही "सांभाळ" म्हणता त्यानं नेमकं कुठल्या क्षणी सांभाळायचं? ड्रायव्हरला ओरडणं ऐकू जाऊन त्यानं पी.टी.ओ. सोडेपर्यंत किती सेकंद जातात, तेही मोजा.

शाफ्टला कारखान्यातून प्लॅस्टिकचं कव्हर येतं. शाफ्ट आत फिरतो, कव्हर साखळीनं बांधलेलं, जागच्या जागी. "ग्रीस मारायला आड येतं" म्हणून ते पहिल्याच हंगामात निघतं आणि गोठ्याच्या माळ्यावर धूळ खात पडतं. तीच गत शिअर बोल्टची. हा बोल्ट मुद्दाम कच्चा दिलेला असतो, दगड लागला तर आधी त्यानं तुटावं आणि बाकी सगळं वाचावं म्हणून. आपल्याकडे तो एकदा तुटला की माल हलका म्हणून कंपनीला शिव्या घालतात आणि जागेवर हायटेन्साइल बोल्ट ठोकतात. तोही लांबडा, टोक बाहेर आलेला. मग दगड लागला की झटका जातो गिअरबॉक्सला आणि दांडीला. दांडीवर कोण बसलंय ते वर लिहिलंच आहे. आणि ते बाहेर आलेलं टोक कापड पकडायला अगदी तयारच असतं.

गिरमिट रुतलं की तर सर्कसच. लिफ्टनं हिसके मारायचे, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जाईपर्यंत. एक जण पायानं माती सारतोय, दुसरा पहार घालतोय, आणि पी.टी.ओ. चालूच! खरी रीत एवढीच की पी.टी.ओ. सोडा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि मोठा पाइप पाना लावून गिरमिट हातानं उलटं फिरवा. स्क्रू काढतात तसंच ते सुटतं. दहा मिनिटं जातात, हे कबूल. पण बऱ्याच ठिकाणी दर खड्ड्यामागे ठरलेला असतो. ट्रॅक्टरवाल्याची दहा मिनिटं म्हणजे त्याचे पैसे. तो का थांबेल? दर तासावर ठरवा, मग तो थांबतो की नाही ते बघा. म्हणून मी ट्रॅक्टरवाल्याला फारसा दोष देत नाही. दर ठरवणारा बांधावर उभा असतो.

"धरायला कुणीतरी लागतंच, नाहीतर खड्डा खुणेवर येत नाही," हा पुढचा मुद्दा. नाही येत. चार बोटं इकडे तिकडे होतो. डाळिंबाचं झाड काही परेडला उभं राहणार नाहीये. ठळक फक्की मारा, ड्रायव्हरला मागे बघून टेकवू द्या, बाकी सगळ्यांनी पंधरा पावलं लांब. (ड्रिपची मेन लाइन आधी बघावी, उतारावर बेतानं घ्यावं, मोकळे खड्डे उघडे टाकू नयेत, हे सगळं मशीनच्या पुस्तकात आहे आणि त्यावर घरात वाद नाही. म्हणून इथे लिहीत बसत नाही.)

अशा अपघातांच्या बातम्या नेहमी एकाच साच्यातून येतात. "शाफ्टमध्ये अडकून मजुराचा मृत्यू." या "अडकून"ची मला चीड येते. मराठीत हे फार सोयीचं रूप आहे, त्यात करणारा कुणी नसतोच. कव्हर कुणी काढलं, वर कुणी बसवलं, बोल्ट कुणी बदलला, सगळं त्या एका शब्दात गडप होतं. मग गावात म्हणायला मोकळे, वेळ आली होती बिचाऱ्याची!

मळणीयंत्रांचं उदाहरण आठवा. हरितक्रांतीनंतर उत्तरेत मळणीयंत्रं वाढली आणि कणसांबरोबर हातही आत जायला लागले. तेव्हाही लोक म्हणायचे, मजूर पेंगतात. शेवटी यंत्राचं तोंडच बदलावं लागलं. घास घालायची पन्हळ लांब केली, वरून झाकली, म्हणजे हात आत पोचूच नये. १९८३ मध्ये केंद्रानं धोकादायक यंत्रांचा कायदा केला. त्यात नाव मळणीयंत्राचं आहे, आणि शेतीतली दुसरी यंत्रं अधिसूचना काढून त्यात घालायची सोय आहे. पेंगणारा मजूर तोच राहिला, फक्त त्याचा हात पोचेना. दांडीवर बसायला जागाच ठेवली नाही, तिथे एक तिरका पत्रा वेल्ड केला, तर कोण बसेल हो?

आणि आता पैशाचं. आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं शेतकरी अपघात योजना आहे. २०२३ पासून ती सानुग्रह अनुदान म्हणून चालते. मृत्यूला २ लाख, एक हात किंवा पाय गेला तर १ लाख. पण कुणाला? सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण. वजनाला बसलेल्या पोराच्या घरी सातबारा नसेल तर त्याला यातलं काही नाही. उरतो भरपाईचा कायदा. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या शेतीतला मजूर त्यात धरलेला आहे, आणि भरपाईची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे. हे आमच्या एका काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच गप्प बसले. पोराच्या हाताचा विषय निघाला होता तेव्हा बसले नव्हते.

"पुण्यात बसून शहाणपणा शिकवू नको" हेही ऐकून झालंय. बरं. मग गावात बसलेल्या कुणीतरी शिकवा, मी लगेच थांबतो. "वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही" म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. त्या वीस वर्षांत वजनाला तुम्ही स्वतः किती वेळा बसलात? तुमचा मुलगा किती वेळा बसला?

असो. दादा, जूनमध्ये तुझी लागण आहे. फक्की टाकायला मी दोन दिवस आधी येतो. मशीनच्या पुस्तकात शिअर बोल्टचा साइज असेल तो कळव, पुडकंभर घेऊन येतो. आणि माळ्यावरचं ते कव्हर तेवढं खाली काढून ठेव.