शमीवरचे गाठोडे

आज विजयादशमी. दारोदारी झेंडूची तोरणे लागली असतील, पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती उमटली असेल, सुताराच्या करवतीपासून गृहिणीच्या विळीपर्यंत साऱ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिले गेले असेल. सायंकाळी आपण सीमोल्लंघनास निघू, शमीचे पूजन करू आणि आपट्याचे सोने लुटून घरी परतू. पण परतताना आपल्या आयुष्यातील एखादी तरी सीमा मागे पडलेली असते काय? आजच्या मंगल दिवशी हा प्रश्न स्वतःस विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शमीची कथा आपण सर्वांनी बालपणीच ऐकली आहे. अर्जुनाने शमीवरची शस्त्रे घेतली, एवढेच तीतून बहुधा ध्यानात राहते. परंतु विराटपर्वात ती शस्त्रे झाडावर चढून खाली आणली ती अर्जुनाने नव्हे; ती आणली भ्यालेल्या उत्तराने! अंतःपुरात बसून कौरवांस जिंकण्याच्या वल्गना करणारा हा राजपुत्र भीष्म-द्रोणांची सेना समोर दिसताच रथातून उडी टाकून पळत सुटला. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने धावत जाऊन त्यास धरले. मात्र नुसती निर्भर्त्सना करून तो थांबला नाही. तुला लढवत नसेल तर घोड्यांचे लगाम धर, लढेन मी, अशी त्याने त्याची समजूत घातली.

पुढचा प्रसंग तर विशेष मननीय आहे. शमीजवळ कोणी फिरकू नये म्हणून पांडवांनी तिच्यावर एक प्रेत बांधून ठेवले होते. उत्तर कचरला. झाडावर प्रेत आहे असे लोक सांगतात, राजपुत्राने त्यास कसे शिवावे, असे तो म्हणू लागला. ही धनुष्ये आहेत, प्रेत नव्हे, असे अर्जुनाने सांगितले, तेव्हा तो भीतभीतच वर चढला. गाठोडे सोडले आणि आतून निघाले गांडीव!

आमच्या मते साऱ्या भयाचे मर्म येथे आहे. ज्याला आपण प्रेत समजून दूर राहतो, त्यातच पुष्कळदा आपली शस्त्रे बांधलेली असतात. आणि भीती नाहीशी झाल्यावर उत्तर झाडावर चढला असेही नाही. तो चढला, म्हणून त्याची भीती हळूहळू ओसरली. धैर्य येईल तेव्हा आरंभ करू, असे म्हणणाऱ्यांचा आरंभ बहुधा होतच नाही.

हे पुराणातच घडते असे कोणी म्हणू नये. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेस निघाल्या. समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या समाजाचा रोष समोर होता. प्रकृती तोळामासा होती. आपला धर्म आपण सोडणार नाही, हे त्यांनी निघण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितले आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. परंतु त्यांनी ओलांडलेली सीमा पुढील पिढ्यांतील मुलींसाठी कायमची खुली झाली. याहून मोठे सीमोल्लंघन ते कोणते?

भय वाटणे हा कमीपणा नव्हे. उत्तरास धीर देणारा तोच अर्जुन पुढे कुरुक्षेत्रावर स्वतः गलितगात्र झाला आणि त्याला श्रीकृष्णासारखा सारथी लागला. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना होते, तीत पहिले नाव अभयाचे आहे, हे योगायोगाने झाले असेल असे आम्हांस वाटत नाही.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची एक विनंती आहे. मुलाने वेगळी वाट धरली, सुनेने सोडलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले, तर लोक काय म्हणतील असे म्हणून त्या शमीवर आणखी एक प्रेत बांधू नका. सारथी व्हा. आणि ज्यांच्या मनात एखादा संकल्प वर्षानुवर्षे बांधून पडला आहे, त्यांनी आज शमीस नमस्कार करताना त्याची एक गाठ तरी सोडावी. अर्ज भरावा, तंबोरा खाली काढावा, बंद पडलेली वही उघडावी. पुढील दसऱ्यास आपट्याचे पान हाती घेताना ते खरोखर सोन्याचे वाटेल.