बृहत् आराखड्यात आपला बिंदू कुठे आहे?

मुस्लीम समाजाच्या कुठल्याही जलशात तालीमवर भाषण होतेच. ‘इक्रा’चा दाखला दिला जातो, दहावी-बारावीत चांगले गुण मिळवलेल्या मुला-मुलींना ट्रॉफी मिळते, फोटो निघतात आणि मंडळी जेवायला जातात. या मुलांना पुढे शिकायला महाविद्यालय किती अंतरावर असेल, तिथे कोणत्या शाखा असतील, फी किती पडेल, हे कोण ठरवते, असा प्रश्न मात्र व्यासपीठावरून कुणी विचारत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात एका सरकारी कागदातून होते. त्याचे नाव बृहत् आराखडा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०७ नुसार प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाला दर पाच वर्षांसाठी हा आराखडा करावा लागतो. कोणत्या तालुक्यात, कोणत्या शहरात, कोणत्या शाखेचे नवे महाविद्यालय हवे, ते त्यात नमूद होते. विद्यापीठाच्या भाषेत या जागांना ‘बिंदू’ म्हणतात. आराखड्यात बिंदू नसेल तर तिथे नवे महाविद्यालय काढण्याचा प्रस्तावच पुढे सरकत नाही. अधिष्ठाता मंडळ आराखडा तयार करते, तो विद्या परिषदेकडून अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये मंजुरीला येतो आणि तिथून मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य उच्च शिक्षण आयोगाकडे, म्हणजे ‘माहेड’कडे जातो. उच्च शिक्षणाच्या सोयी सगळीकडे समन्यायाने वाटल्या जाव्यात आणि जिथे सोय नाही, जो भाग मागे राहिला आहे, त्याच्या गरजेकडे विशेष लक्ष द्यावे, असे कायदा सांगतो.

वसई-विरारच्या माणसाने हे वाक्य नीट वाचायला हवे.

सात जिल्हे, एक विद्यापीठ

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची हद्द मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत पसरली आहे. संलग्न महाविद्यालये आठशेहून अधिक आहेत. त्यातला सर्वांत नवा जिल्हा पालघर, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला. या एकाच जिल्ह्यात दोन टोके आहेत. एकीकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे आदिवासी तालुके आणि दुसरीकडे वसई-विरार महापालिकेचा दाटीवाटीचा पट्टा. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण नालासोपारा पूर्वेला एकदा फेरी मारली तरी हा आकडा किती जुना झाला आहे ते कळते.

वसईला शिक्षणाची परंपरा आहे. अण्णासाहेब वर्तकांच्या नावाचे महाविद्यालय आहे, वसईतच जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचे आहे, विरारला विवा आहे. सोपारा तर अरब भूगोलकारांनी ‘सुबारा’ म्हणून नोंदवलेले बंदर. सोपाऱ्यातले जुने मुस्लीम कुटुंब असो की गेल्या तीस वर्षांत मुंबईत घर परवडेना म्हणून इकडे आलेले कुर्ला-गोवंडीचे कुटुंब असो, मुलांना कॉलेजात घालण्याची इच्छा दोघांकडेही आहे. अडते ते पुढे.

गेली वीसेक वर्षे नवी महाविद्यालये बहुतांशी कायम विनाअनुदानित तत्त्वावरच मंजूर होतात. म्हणजे आराखड्यात बिंदू पडला, संस्था उभी राहिली, तरी शिक्षकांचा पगार विद्यार्थ्यांच्या फीमधूनच निघणार. रिक्षाचालकाच्या, जरीकाम करणाऱ्या कारागिराच्या मुलीला अशा ठिकाणची स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रमाची फी झेपत नाही. अनुदानित तुकडीत जागा मर्यादित. मग मुलगा विरार लोकलला लटकून अंधेरी-पार्ले गाठतो आणि मुलीचे नाव दूरस्थ शिक्षणात घातले जाते किंवा कुठेच घातले जात नाही. ‘बिंदू’ दाखवणाऱ्या नकाशात अंतर मोजले जाते. घराचे उत्पन्न त्यात कुठेच दिसत नाही.

आकडे काय म्हणतात?

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की वीस वर्षांवरील मुस्लिमांमध्ये पदवीधरांचे प्रमाण चार टक्क्यांहून कमी आहे. राज्य सरकारने नेमलेल्या महमूदुर्रहमान समितीच्या २०१३ च्या अहवालानेही महाराष्ट्रातले चित्र निराशाजनकच दाखवले. जुलै २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश आला, नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला स्थगिती दिली नाही, तरीही नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि अध्यादेश संपून गेला. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशभरात सुमारे २१ लाख मुस्लीम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते, २०२०-२१ मध्ये ते १९ लाख २१ हजारांवर आले. एकूण विद्यार्थ्यांत हा वाटा ४.६ टक्के. लोकसंख्येत मुस्लीम २०११ च्या जनगणनेनुसार १४.२ टक्के. डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिपही बंद करण्यात आली.

हे सगळे आकडे देशाचे किंवा राज्याचे आहेत. वसई तालुक्यात बारावी झालेल्या किती मुस्लीम मुली पदवीच्या पहिल्या वर्षाला पोचतात आणि त्यातल्या किती तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतात, हा आकडा समाजासमोर कधी येत नाही. मोखाड्यातल्या वारली मुलाचेही तेच. मला वाटते, आपल्या विद्यापीठाच्या नियोजनातला सर्वांत मोठा दोष इथे आहे.

अशी मोजणी केली तर समाजात फूट पडेल, असे कुणी म्हणेल. पण ती माहिती आजही गोळा होते. केंद्राच्या त्याच सर्वेक्षणासाठी प्रत्येक महाविद्यालय दरवर्षी एक तक्ता भरते. त्यात अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि मुस्लीम विद्यार्थ्यांची, मुला-मुलींची वेगवेगळी संख्या असते. हाच तक्ता तालुकावार एकत्र करून आराखड्याला जोडला, तर कोणता भाग खरोखर मागे आहे ते अंदाजाने सांगावे लागणार नाही.

श्रेणी आणि वास्तव

गुणवत्तेचे बोलायचे तर मुंबई विद्यापीठाने दोन्ही अनुभव दिले आहेत. २०१७ मध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासण्याचा निर्णय पुरेशी तयारी नसताना एकदम लागू झाला. ४७७ परीक्षा आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल लटकले, पुढच्या प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या ‘नॅक’ मूल्यांकनाची मुदतही संपली होती. चार वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच विद्यापीठाला ३.६५ गुणांसह ‘अ++’ ही सर्वोच्च श्रेणी मिळाली.

या श्रेणीमागे अनेक प्राध्यापकांचे, कर्मचाऱ्यांचे कष्ट आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. पण श्रेणी संपूर्ण संस्थेची असते. संशोधन, ग्रंथालय, इमारती, प्रशासन अशा सात निकषांची सरासरी काढली की कलिना संकुलातल्या चांगल्या विभागाचे गुण वर येतात आणि नालासोपाऱ्यातल्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची अडचण खाली दबून जाते. गुणवत्तेची पाहणी वरून जितकी होते तितकीच ती खालून, आपल्या कॉलेजातूनही व्हायला हवी.

त्यासाठी दार आहे. ‘नॅक’च्या नियमानुसार प्रत्येक मूल्यांकित महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असतो. त्यात प्राध्यापकांबरोबर स्थानिक समाजाचा, विद्यार्थ्यांचा आणि माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी घ्यावा लागतो. हा कक्ष दरवर्षी गुणवत्तेचा अहवाल करतो आणि तो महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो. आपल्यापैकी किती पालकांनी तो उघडून पाहिला आहे? स्थानिक समाजाची ती खुर्ची बहुतेक ठिकाणी संस्थाचालकांच्या ओळखीतल्या माणसाला मिळते, कारण दुसरे कुणी मागतच नाही.

सिनेटची दहा आसने

आराखडा मंजूर करणाऱ्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी असतात. आधीच्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली. निवडणूक पुन्हा पुन्हा लांबली आणि शेवटी २४ सप्टेंबर २०२४ रोजी झाली. म्हणजे २०२४ ते २०२९ च्या आराखड्याची तयारी ज्या काळात व्हायची होती, त्या काळात पदवीधरांची दहाही आसने रिकामी होती. हा दोष सरकारचा आणि विद्यापीठाचा. पण निवडणूक झाली तेव्हा मतदार किती होते? सात जिल्ह्यांतले लाखो पदवीधर, आणि मतदार यादीत जेमतेम साडेतेरा हजार नावे. हा दोष आपल्या सर्वांचा.

पदवी मिळाली म्हणून या यादीत नाव आपोआप येत नाही. अर्ज करावा लागतो, कागदपत्रे द्यावी लागतात. महापालिकेच्या निवडणुकीत वॉर्डातली एक-एक नावे तपासणारे आपले कार्यकर्ते या यादीकडे फिरकत नाहीत. जमातीच्या विश्वस्तपदासाठी आपण कोर्टापर्यंत जातो. सिनेटसाठी वसईतून हजारभर नवे पदवीधर, सगळ्या समाजांचे, नोंदले गेले तर दहापैकी प्रत्येक उमेदवाराला वसई रोडला उतरून आपले ऐकावे लागेल. नुमाइंदगी मागण्याआधी मतदार यादीत असणे एवढी साधी गोष्ट आपल्या हातात आहे.

पुढचा आराखडा २०२९ ते २०३४ चा असेल आणि त्याचे काम त्याआधीच सुरू होईल. तोवर प्रत्येक मोहल्ल्यातल्या, प्रत्येक जमातीतल्या पदवीधरांची यादी करून नोंदणीचे अर्ज भरून घेता येतील. आपल्या भागातल्या प्रत्येक महाविद्यालयाला पत्र लिहून गुणवत्ता कक्षातल्या स्थानिक जागेविषयी विचारता येईल. आणि वसईतले ख्रिस्ती, आगरी, वाडवळ, दलित मित्र, जव्हारचे आदिवासी कार्यकर्ते यांना सोबत घेऊन विद्यापीठाकडे एकच मागणी करता येईल: पुढच्या आराखड्यात बिंदू टाकताना तालुकावार प्रवेश आणि गळतीचे आकडे छापा, आणि गरीब वस्तीतल्या बिंदूला अनुदान मिळावे म्हणून शासनाकडे शिफारस करा.

पुढच्या जलशात ट्रॉफी वाटून झाल्या की हॉलच्या दाराशी एक टेबल मांडावे. त्यावर पदवीधर नोंदणीचे अर्ज असावेत. जेवण त्यानंतर वाढले तरी चालेल.