गदारोळातले कायदे

डिसेंबर २००८ मध्ये लोकसभेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती गदारोळात, चर्चेविना संमत केली. ‘कलम ६६ अ’ तिच्यातलेच. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील साध्या मजकुरासाठी अटक झाली, तेव्हा त्याचा बडगा देशाला दिसला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते रद्द केले. तरी त्याखाली गुन्हे नोंदले जातच राहिले आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

सरकार बदलले, रीत बदलली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण विधेयकही लोकसभेत घोषणाबाजीतच आवाजी मतदानाने संमत झाले. त्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्याला हात घातला. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर नाहक आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच पूर्वी नाकारता येई. नव्या शब्दरचनेत या अटी उरल्या नाहीत. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे. पण ती वापरण्याचे धैर्य अधिकाऱ्याने दाखवायचे आहे.

सभागृहाने टाळलेली चर्चा अखेर पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात होते. तिचा खर्च मात्र नागरिकाच्या माथी पडतो.